चाँदबी मणेरणीचं मागं मागं जाणं

चाँदबी मणेरणीनं शुक्रवार पेठेत चाळीस वर्षं बांगड्या भरल्या. हात नुसता दाबून माप सांगायची. तोंड मात्र फटकळ. बांगड्या भरता भरता समोरच्या बाईची हजेरी घ्यायची, तरी बायका तिच्याकडेच जायच्या.

महाराजांना गादीवर बसून वीसेक वर्षं झाली असतील, तेव्हा ती विसरू लागली. आधी सकाळचं जेवण, मग मागल्या महिन्यात झालेलं घरातलं लग्न. हकीम म्हणाले, डोक्यात उष्णता गेलीय, तेल थापा. गल्ली म्हणाली, म्हातारचळ. दुखण्याला नाव ठेवलं की ते कळलं असं आपल्याकडं समजतात, याचा मला भारी राग येतो. समजून घेतलं ते एकट्या सुगरानं, तिच्या सुनेनं.

एके दुपारी चाँदबीनं पेठेतल्या तानाबाईचा हात धरला. "धनी घरात असताना हात मोकळा ठिवतीस व्हय गं?" असं म्हणून तिनं हिरव्या बांगड्या चढवायला सुरुवात केली. तानाबाईचे मालक प्लेगात जाऊन पंधरा वर्षं झाली होती. बायकांनी गलका केला. सुगरा धावत आली, माफी मागू लागली.

"ऱ्हाऊ दे पोरी," तानाबाई म्हणाली. "तिच्या लेखी मालक हाईत अजून. दोन घटका बरं वाटलं." आणि तिनंच हळूहळू बांगड्या उतरवल्या.

घरी येताना सुगराला उलगडा झाला. सासू कसंही विसरत नव्हती. अलीकडची वर्षं आधी गळत होती, मग त्यामागची. आता प्लेगही तिच्या आठवणीतून गेला. पुढं काय येणार, हे सुगराला ठाऊक होतं.

प्लेगाच्या आधीची दोन वर्षं तिला पाठ होती. सुगरा गडहिंग्लजहून नवी सून म्हणून आली, आणि चाँदबीनं तिला उठता बसता टोचलं. बोलणं कानडी हेलाचं, भाकरी जाड, रंग काळा. पुढं प्लेगात सगळे माळावर झोपड्या घालून राहिले, सुगराला ताप भरला, तेव्हा हीच सासू आठ दिवस उशाशी बसून राहिली. तिथून दोघींचं जुळलं. ते जुळलेलं आता पुसलं गेलं होतं. उरलेल्या, टोचणाऱ्या सासूपाशी तिला पुन्हा राहावं लागणार होतं.

तो दिवस फार लांब नव्हता. सुगरा भाकऱ्या थापत होती. चाँदबी दारातून बघत राहिली.

"पावणं, कुठल्या तुमी?"

सुगराचा हात थांबला. "गडहिंग्लजची."

"आमची सून बी तिकडचीच." चाँदबी जवळ येऊन बसली, आवाज खाली आणला. "म्हैना झाला येऊन. लई बोलते मी तिला. चुलीम्होरं बसून रडती, दिसतंय की मला."

"मग बोलता कशापायी?"

"एकुलता ल्योक हाय माझा. त्यो तिचाच होऊन बसला तर मला कोण इचारणार? तिचं काय बी चुकत न्हाय." चाँदबीनं मान खाली घातली. "तिला सांगू नगा."

इतक्या वर्षांत हे सासूच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. सुगराला रडू आवरेना.

"न्हाय सांगत," ती म्हणाली, आणि तव्यावरची गरम भाकरी तिच्या पुढ्यात ठेवली.

चाँदबीनं तुकडा मोडून बघितला. "जाड हाय," ती म्हणाली, आणि सगळी खाल्ली.