पार्बताबाईच्या नावाचं ताट

पार्बताबाईंना जेवताना मी नऊ वर्षांत एकदाही धड पाहिलं नव्हतं, आणि त्याचं मला कधी काही वाटलंही नव्हतं. हिवरखेडला त्यांच्या मळ्यात मी किती वेळा गेले असेन, दरवेळी पोट भरून आले. आधी नवरा शालिकराम, मग मुलगा गोपाल, मग मी पाहुणी, मग नात दामिनी. सून वर्षाली वाढायला उभी राहिली की तिलाही दंडाला धरून बसवायच्या, "बस वं तू, काम कुठी पळून जाते?" सगळे उठले की त्या आमच्याकडं पाठ करून चुलीपुढं बसत आणि कढईतच शेवटची भाकर फिरवून घेत. ताट नाहीच. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "झालं ना माह्यं!"

अकोटच्या भाजीबाजारातही तसंच. भाकर पोत्याखाली झाकलेली. एक गिऱ्हाईक गेलं की एक घास, दुसरं आलं की हात लुगड्याला पुसून तराजू उचलायचा. समोरच्या माणसाला पत्ताही लागायचा नाही की ही बाई जेवते आहे.

दोन एकर ओलिताच्या मळ्यात राबणारी बाई. मेथी, कोथिंबीर, वांगी, भेंडी, बांधावर झेंडू. बाजारात एक वसुलीवाला पावती न देता बायकांकडून जागेचे पैसे उकळायचा. मी भांडायला उभी राहिले तेव्हा माझ्यामागं कोणी नव्हतं. पार्बताबाई आपली टोपली घेऊन आल्या आणि त्याच्या टेबलापुढं मातीत बसल्या. "पावती दे, मंगच उठतो." त्यांच्यामागून बाकीच्या आल्या. आज बाजारात लोक मला ताई ताई करतात, त्यातली निम्मी इज्जत या बाईनं मातीत बसून कमावलेली आहे. हे मी भाषणात कधी सांगितलं नाही. भाषणात मी माझंच सांगते.

तर या बाईला एक ताट पाहिजे होतं. फक्त एक, आणि ते मी कापलं.

झालं असं. मे महिन्यात दामिनीनं हट्ट धरला की अमरावतीजवळ नवीन झालेल्या 'मौजनगरी'त जायचं. पाण्याच्या घसरगुंड्या, झुले, सगळं. तिकिटाचं ठरलं. अडलं ते जेवणाच्या पासवर. गोपालनं मोबाईलवर पाहिलेलं होतं आणि आठ दिवस घरात तोच विषय. सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण, चार वाजता चहा-भजी. पैसे आधी भरायचे, तेही आदल्या संध्याकाळपर्यंतच. माणशी एक पट्टा मनगटावर. पट्टा ज्याचा त्यानंच हॉलमध्ये बसायचं, वाटून खायचं नाही, उरलं म्हणून पैसे परत नाहीत. घ्यावं की नाही हे कोणाला ठरवता येईना, म्हणून मला बोलावणं. मीही त्यांच्यासोबत जाणारच होते.

संध्याकाळची वेळ. टिनाखाली सगळे दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसलेले.

"ताई, तुमीच सांगा," गोपाल म्हणाला. "तुमाले कोनी फसवू शकत नाही."

हे असं कोणी म्हटलं की मी फुगते. मी मोबाईल हातात घेतला.

"गोपाल," पार्बताबाईंनी मधेच विचारलं, "हॉलात बसल्या जागी आनून देतात का रे?"

"हो ना मा. टेबलावर. पोट्टे फिरतात वाढाले. गरम पुऱ्या."

"ताट ज्याच्या त्याच्या नावाचं?"

"पट्ट्यावर नंबर राहते ना."

"म्हंजे माह्यंई?"

"मंग! तुह्यं काहून नाही?"

 जुडीला सुतळी गुंडाळता गुंडाळता पार्बताबाईंचे हात थांबले. त्या बाईचे हात मी कधी थांबलेले पाहिले नव्हते. ते मी पाहिलं. पाहिलं, आणि तरी बोलायला लागले.

"हे पाहा," मी म्हणाले, "कंपनी काही येडी नाही. कमी खाणाऱ्याकडून पूर्ण पैसे घ्यायचे आणि त्यात जास्त खाणाऱ्याचं भागवायचं, हा तिचा धंदा. तेव्हा घरादाराचा पास एकदम घ्यायचा नसतो. एकेक माणूस पाहायचं. शालिकरामभाऊ, तुम्ही किती पुऱ्या खाल?"

"मोजत नाही मी," शालिकराम म्हणाले.

"म्हणजे वसूल. गोपाल, वसूल. वर्षाली पाण्यात खेळून आली की तिलाही भूक लागेल. पोरगी अर्धं सांडेल, पण तिला नाही घेतला तर ती हॉल डोक्यावर घेईल. झाले चार. मी अशा लुटीचा पट्टा बांधून घेणार नाही, मी शिदोरी खाईन. आणि पार्बताबाईंना पास कशाला? या भांड्याला लागलेलं खाणाऱ्या बाई. यांचा पास म्हणजे कंपनीला आहेर!"

सगळे हसले. शालिकराम तर मांडीवर थाप मारून हसले. "खरी गोष्ट हाय! हिले ताटात वाढलं तं हिले घास नाही उतराचा."

वर्षाली हसली नाही. "आत्याबाईचा बी घेऊ ना, ताई. एकाचाच तं प्रश्न हाय."

"पैसे झाडाला लागतात का तुमच्या?" मी तिच्यावर खेकसले. सून गप्प झाली. दुसऱ्याच्या घरातल्या सुनेला गप्प करताना मला जराही अवघड वाटलं नाही. बाजारात बायकांनी बोलावं म्हणून घसा कोरडा करणारी मी.

"चाललं, चाललं," पार्बताबाई म्हणाल्या. त्याही हसल्या होत्या. "मले कायले पाह्यजे थे? मी शिदोरी घेतो ना आपली. ताई अन् मी दोघी खाऊ." आणि हात पुन्हा चालू झाले.

माझ्या तत्त्वाची पोळीसुद्धा त्यांनाच लाटायची होती, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

निघायच्या दिवशी त्या तीनला उठल्या. आम्ही सहाला गाडीत बसलो. दर्यापूर गेल्यावर मी त्यांच्या मांडीवरचा डबा उचलून पाहिला, तो मला एका हातानं उचलेना. पोळ्या, बेसन, ठेचा, दहीभात, सहा जणांना पुरून उरेल इतकं. दोघींपुरतं रांधायची त्यांच्या हाताला सवयच नव्हती. अंगावर ठेवणीतलं जांभळं लुगडं होतं, त्याच्या काठाला पीठ लागलेलं. बाकीचे गाडीत ताजेतवाने, पार्बताबाई खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या. सहलीचा अर्धा रस्ता त्यांनी पाहिलाच नाही.

फाटकावर पहारेकऱ्यानं डबा अडवला. बाहेरचं खाणं आत नाही. मला तेच पाहिजे होतं. मी त्याला झाडलं, त्याच्या साहेबाला बोलावलं, साहेबालाही झाडलं. शेवटी तडजोड झाली की डबा गाड्यांच्या तळापाशी शेडमध्ये ठेवायचा, जेवायला बाहेर यायचं आणि हातावरचा शिक्का दाखवून परत आत जायचं. मी मोठा किल्ला घेतल्यासारखी आत शिरले. पार्बताबाई माझ्यामागून, एवढा वेळ सगळ्यांच्या नजरा झेलून खाली मान घालून.

दुपारी एकला सगळे हॉलकडं निघाले. काचेच्या भिंती, आत कूलर, लांब टेबलं, आणि खरंच मुलं पुऱ्यांच्या टोपल्या घेऊन फिरत होती. पार्बताबाई दामिनीचा हात धरून दारापर्यंत गेल्या. दारावरच्या मुलीनं चार पट्टे पाहिले आणि म्हणाली, "आजी, तुमचा?"

पार्बताबाईंनी पदर ओढून मनगट झाकलं. "मले भूक नाही. पोरीले सोडाले आली."

"तू बी चाल ना!" दामिनी ओरडली. "तूच म्हने ना, आपुन दोघी बसून राहू अन् लोक आपल्याले पुऱ्या वाढतीन!"

"जाय वं तू. गार होतीन."

वर्षालीनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि पोरीला घेऊन आत गेली. आठ दिवस आजी-नातीत या ताटाची बोलणी चालली होती. आणि ती बोलणी चालू असताना मी माणसं वसूल करत बसले होते.

अशा वेळी शहाण्या माणसानं काय केलं असतं, मला माहीत नाही. मला एकच येतं. मी तिकिटाच्या खिडकीवर गेले. "एक पट्टा द्या. काय घ्यायचे ते पैसे घ्या."

"मॅडम, कालपर्यंतच मिळत होता. आज फक्त स्टॉल चालू आहेत."

"एक माणूस. एक ताट. तुमच्या टोपलीत पुऱ्या उतू चालल्या आहेत."

"सिस्टिम घेत नाही, मॅडम."

मग माझा आवाज चढला. कंपनी काढली, मालक काढला, त्या पोराची अक्कल काढली. माणसं जमली. कोणी मोबाईल वर धरला. मोबाईल दिसला की मी आणखी चढते, सवय आहे. आणि त्या भरात मी पार्बताबाईंकडं बोट करून म्हणाले, "या बाईनं आख्ख्या जन्मात बसून ताट खाल्लं नाही! घरात भांड्याला लागलेलं खाते ही! आणि तुम्ही हिला दारातून परत पाठवता?"

पन्नास डोळे त्यांच्याकडं वळले. काचेच्या आतून शालिकराम उठून पाहायला लागले, हातात पुरी तशीच.

पार्बताबाईंनी माझं मनगट धरलं. खुरपं धरणारा हात, दुखलं मला. हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, गप ऱ्हा. हे काय लोकायले सांगाची गोष्ट हाय?"

मी गप्प झाले. पोलिसांपुढं झाले नव्हते.

आम्ही शेडमध्ये येऊन बसलो. ऊन पत्र्यातून खाली येत होतं. त्यांनी डबा उघडला आणि पहिली पोळी माझ्यापुढं ठेवली. मी म्हणाले, "आधी तुम्ही घ्या." त्या म्हणाल्या, "घ्या ना, भांडून भांडून भूक लागली असन." टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

शेडमध्ये पाठ करायला जागा नव्हती. म्हणून त्या माझ्यासमोरच जेवल्या. भराभर, खाली पाहत, घास लहान लहान. कोणी येऊन उठवील असं खाणं. बाजारात मी कितीतरी बायकांना असं खाताना पाहिलं होतं, पण समोर बसून पाहण्याची वेळ आली नव्हती. माझं चुकलं, एवढे दोन शब्द तोंडाशी आले होते. बाहेर पडलं ते भलतंच.

"तशाही पुऱ्या तेलकटच दिसत होत्या," मी म्हणाले.

"हो ना," पार्बताबाई म्हणाल्या. "काय राहते पुऱ्यायत."

उरलेल्या पोळ्या त्यांनी परत बांधल्या, आणि घसरगुंडीवरून येणाऱ्या नातीसाठी टॉवेल घेऊन पाण्याच्या काठाशी उभ्या राहिल्या, संध्याकाळपर्यंत. परतीच्या गाडीत शालिकराम म्हणाले, "ताईचा हिशेब बराबर निंगाला. चारी वसूल." 

आठ दिवस मी अकोटच्या बाजाराकडं फिरकले नाही. मीटिंग आहे, तब्येत बरी नाही, काय वाट्टेल ते सांगितलं. नवव्या दिवशी गेले. ठरवूनच गेले की चारचौघांत माफी मागायची. चारचौघांत अब्रू काढली, तर माफीही चारचौघांतच.

पार्बताबाई भेंडीच्या ढिगामागं बसल्या होत्या. त्यांची माझ्याकडं नजर नव्हती. शेजारी लिंबं विकणाऱ्या गोदाबाई आठ दिवस लग्नाला गेलेल्या, त्याच दिवशी परतल्या होत्या.

"काय वं पार्बते," गोदाबाई विचारत होत्या, "भेटलं का मंग ताट? लय सांगत होती ना, माह्या नावाचं ताट, माह्या नावाचं ताट."

मी दोन पावलांवर थांबले.

"भेटलं ना," पार्बताबाई म्हणाल्या. भेंडी निवडत, अगदी सहज. "कूलर काय, टेबल काय. खुर्चीवर बसली मी. पोट्टा सारखा येऊन राहिला, 'आजी, आनखी एक घ्या.' मी म्हनो नको रे बापा, तरी टाकेच थो."

"अन् भाजी?"

"आलूची. अन् वरन-भात. थे पापड बी होते."

"गोड काय होतं?"

पार्बताबाईंचे हात थांबले. हॉलच्या दारातून पुऱ्या दिसल्या होत्या, पापड दिसले होते. गोड दिसलं नव्हतं. त्यांनी वर पाहिलं आणि तेव्हा त्यांना मी दिसले. त्यांचं तोंड एकदम उतरलं. सगळं खरं माहीत असलेलं आणि तोंडाला कुलूप नसलेलं माणूस समोर उभं होतं.

"शिरा," मी म्हणाले. खरं काय होतं ते मलाही माहीत नव्हतं. "बदाम घातलेला. पार्बताबाईंनी दोनदा घेतला."

"दोनदा!" गोदाबाईंनी गालावर बोट ठेवलं. "लय खादाड हाय वं तू!"

पार्बताबाई माझ्याकडं पाहत होत्या. मग गोदाबाईंकडं वळून म्हणाल्या, "मंग? पैसे भरले होते. सोडते का कोनी?"

दोघी हसल्या. मीही हसले असेन.

माफी मागायला गेले होते. आता ती मागायची म्हणजे तो शिरा त्यांच्या पुढ्यातून उचलून घ्यायचा. मी पाव किलो भेंडी घेतली आणि निघाले.