जैनोद्दीनचं फिकं लोणचं

तेरच्या शिवारात आज ज्या विहिरींना बारमाही पाणी आहे, त्यांतल्या निम्म्या तरी जैनोद्दीनच्या यारीनं, म्हणजे विहिरीवरच्या क्रेननं, खोदल्या. साठ हात खोलातून मुरमाची बादली तो अशी अलगद वर आणायचा, की खाली उभ्या माणसाच्या अंगावर खडा पडत नसे. असा हात असलेला माणूस मस्कतवाल्यांनी नेला नसता तरच नवल. बारा वर्षं झाली, तिकडं तो उंच क्रेनवर बसतो. आम्हा तेरकरांना त्याचा अभिमान आहे आणि तो आम्ही लपवत नाही.

पण एवढ्या धिप्पाड गड्याची जीभ लहान लेकराची. मिरची लागली की डोळ्यांना धारा. त्याची अम्मी होती तोवर त्याच्यापुरतं वेगळं लोणचं घालायची. हळद, मीठ, मोहरीची डाळ, गुळाचा खडा, वरून करडईचं तेल, आणि तिखट नुसतं रंगापुरतं. अम्मी गेली, तसं ते लोणचंही घरातून गेलं.

मग आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीच्या जमिलाबीशी त्याचं लग्न झालं. सासुरवाडीच्या पहिल्या जेवणाला समोर सासरे बसले, दोन्ही बाजूंना तीन मेहुणे, आणि पडद्याआड नवी नवरी. त्या घराची एक खोड होती. नव्या जावयाच्या ताटात सगळ्यांत जहाल लोणचं वाढायचं आणि गडी पाण्याला हात लावतो का ते बघायचं. जैनोद्दीननं पाण्याला हात लावला नाही. कान लाल झाले, टाळूला घाम आला, तरी 'आणखी वाढा' म्हणाला.

त्या दोन शब्दांनी घोटाळा केला. जावई तिखट खाणारा म्हणून सासू दरसाल त्याच्यासाठी मूठभर मिरच्या जास्त कुटू लागली. जमिलाबीही आईच्या हाताखाली तसंच घालायला शिकली. मस्कतला जो कुणी निघेल त्याच्या सामानात तिची बरणी असायचीच. हा फोनवर म्हणायचा, झकास झालंय. सुटीत घरी आला की वाटीभर दह्यात नखभर लोणचं कालवून खायचा. तिला वाटायचं, यांना दही फार आवडतं.

बरण्या संपायच्या, त्या रेवणसिद्धमुळं. हा उमरग्याकडचा, मस्कतला जैनोद्दीनच्याच खोलीत राहणारा. त्याला बरणी पंधरा दिवस पुरत नसे. आणि बरणीचा मालक मात्र डाळभातासमोर नुसता बसून राहायचा. तोंडी लावायला काही नसलं की घास त्याच्या घशाखाली उतरत नाही.

म्हणून जुम्म्याची नमाज झाली की तो फिकं लोणचं शोधायला दुकानं पालथी घालायचा. एका बरणीवर 'माइल्ड' लिहिलेलं होतं. ज्यांना ते माइल्ड लागत असेल ती माणसं वेगळ्या मातीची असावीत. याला रात्रभर उचकी लागली. दुसऱ्या बरणीत नुसता सिरका. अरबांचं शलगमच्या कंदाचं गुलाबी लोणचं दिसायला देखणं, खायला मिठाचं पाणी. एक कैरीचं मिळालं, ते मुरांब्याचं चुलत भावंड निघालं. रेवणसिद्ध म्हणायचा, "जैनूभाई, नवरी बघायला बी कुणी एवढी गावं हिंडत न्हाय."

गेल्या उन्हाळ्यात नवी बरणी पोचली आणि जमिलाबीचा व्हिडिओ कॉल आला. यंदा मिरच्या तिनं स्वतः निवडल्या होत्या. तिचा हट्ट एवढाच, की बरणी तिच्यासमोर उघडून खाऊन दाखवायची.

त्यानं फोड उचलली, तोंडापर्यंत नेली आणि खाली ठेवली. नवराबायको दखनीत बोलतात, मी ते आपल्या बोलीत सांगतो.

"जमिला, मला तिखट सोसत न्हाय."

"कधीपासनं?"

"पैल्यापासनं."

"मग अब्बांसमोर मागून का खाल्लंत?"

"तू पडद्याआडनं बघत होतीस."

"आणि एवढ्या बरण्या? त्या कुणी संपवल्या?"

मागून रेवणसिद्धनं मान पुढं काढली. "वहिनी, त्या म्या खाल्ल्या. तुमच्या हाताला तोड न्हाय."

जमिलाबीनं फोन ठेवला.

तीन दिवस तिनं त्याचा फोन घेतला नाही. माझी बायको उमादेवी तिची मैत्रीण, तिच्यापाशी ती म्हणाली, "तिखटाचं काय न्हाय गं. बारा वर्षं ज्या कौतुकावर जगले, ते परक्याच्या जिभेचं निघालं." तिकडं जैनोद्दीन दोन्ही वेळा अर्धं ताट तसंच ठेवून उठत होता.

चौथ्या दिवशी तिनंच फोन लावला. जुनं काही काढलं नाही. तिकडं लिंबं मिळतात का, एवढंच विचारलं. मिळतात म्हणाला. गूळ? तोही मिळतो. मग तिनं त्याला फोनसमोर बसवलं, लिंबं फडक्यानं कोरडी करून घेतली, एकेकाच्या आठ फोडी करायला लावल्या, मीठ आणि हळद त्याच्याच मुठीनं घालायला लावली. ज्या हातानं खडक उचलले तो हात लिंबाच्या बिया वेचत बसला.

बरणी गच्चीवर गेली. वाशीच्या उन्हाच्या अंदाजानं तिनं वीस दिवस सांगितले होते. मस्कतच्या उन्हानं सहाव्या दिवशीच फोडी काळवंडायला आणल्या. तिनं ते फोनवर बघितलं आणि बरणी लगेच सावलीत घ्यायला लावली. एरवी त्यांचा आठवड्याला एक फोन व्हायचा. त्या महिन्यात बरणी बघायला म्हणून रोज होऊ लागला. लोणचं मुरत होतं, आणि मला वाटतं, आणखीही काही मुरत होतं.

महिन्यानं गूळ विरघळून रस दाट झाला. जुम्म्याच्या दुपारी त्यानं डाळभातावर एक फोड घेतली. ती फोनमधून टक लावून बघत होती.

"खरं सांगायचं," ती म्हणाली.

त्यानं फोड सावकाश चघळली. "मीठ जरा जास्त झालंय."

"झालंयच. मी तवाच बघितलं होतं. मूठ केवढी तुमची."

एवढं बोलून ती हसली. त्यानं भात पुन्हा वाढून घेतला, आणि तिनं तो शेवटच्या शितापर्यंत बघितला.

परवा जमिलाबी आमच्या ओट्यावर उमादेवीसोबत शेंगा फोडत बसली होती, तेवढ्यात वाशीहून तिच्या आईचा फोन आला. जावयाच्या लोणच्याला यंदा मिरच्या किती कुटायच्या, असं म्हातारी विचारत होती. जमिलाबीनं उमादेवीकडं बघितलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "अम्मी, दरसालएवढ्याच. कमी करू नको. तिकडं लई वाट बघतात."