उंबऱ्याबाहेरचा महाप्रसाद

गुड्डी, माझ्या लग्नानंतर तुम्ही सगळे मला लातूरला लावून द्यायला नांदेडच्या स्टँडवर आला होता, आठवतं? एसटी हलली तरी बापूजी खिडकीची दांडी सोडेनात. "पोरी, मटण खा न्हाईतर नको खाऊ, गुरूनं जिभेला कुलूप घातलं न्हाई. फक्त हलाल नको. आन् खाण्यावरनं कुणाशी भांडण नको." लेक चालली सासरी, अन् आपले बापूजी मटणाचं बोलून राहिले! चाकूर येईपर्यंत मला हसू अन् रडू दोन्ही येत होतं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं. नव्या कचेऱ्या, नवे साहेब. ह्यांना जीप चालवायची नोकरी लागली. पावसाळा कोरडा गेला होता, गल्लोगल्ली घागरींच्या रांगा. त्यात आम्हाला घरमालकीण आक्कांची खोली मिळाली, आणि आक्कांच्या आडाला पाणी होतं! आक्का लिंगायत, घरात अंडंसुद्धा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सरदार लोक मटण खातेत का?"

हे म्हणाले, "कुणी खातं, कुणी न्हाई. आमच्यातच वाद हाय त्यावर. आम्ही झटक्याचं खातो, एका घावात कापलेलं."

"माझ्या घरात आणलं तर सामान भाईर."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगते, वरण-भाकरीवर मजेत होते मी.

दसऱ्याला बापूजी दारात हजर, हातात पितळी डबा. झटक्याच्या बोकडाचा महाप्रसाद! आपल्या जुन्या घरांची रीत, तुला काय सांगायचं? प्रसाद परत करायचा नसतो, अन् आत नेला तर खोली गेली, आड गेला. पोटात बाळ, पाण्याला कुठं फिरणार होते मी?

"गुपचूप खाऊन टाकू," हे म्हणाले.

बापूजी तडकले. "चोरून खाल्ला तर तो प्रसाद कसला रे?"

मग मीच जाऊन आक्कांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "देवाचं हाय म्हणतीस, तर फेक कसं म्हणू? पण उंबऱ्याच्या आत न्हाई. भाईर लिंबाखाली बसा."

आम्ही तिघं रस्त्याकडेच्या लिंबाखाली जेवलो. हात धुवायला आक्कांनी स्वतः पाणी शेंदून आणलं, अन् लांबूनच आमच्या हातावर ओतलं. बापूजींचे डोळे भरले. "लंगरात डाळच का असते ठाऊक हाय? न खाणाऱ्याला पंगतीतून उठावं लागू नये म्हणून. ह्या बाईनं आज खाणाऱ्याला उठवलं न्हाई बघ."

आता आमचं स्वतःचं घर आहे, दारात नळ आहे, मटणाला कुणाची ना नाही. तरी दसऱ्याचा डबा आला की मी तो घेऊन त्याच लिंबाखाली जाते. गेल्या वर्षी आक्कांची सून तांब्या घेऊन आली, तर आक्का काठी टेकत मागनं ओरडल्या, "ठेव तो! पोरीच्या हातावर मीच घालते पानी."

तू विचारतेस, नांदेडला परत राहायला कधी येणार? येईन की गं. पण चार दिवस पाहुणी म्हणून.