दोनदा मोजलेल्या अठरा पाळ्या

गुन्वर एकब्लाडने एकतीस वर्षं गुरुवारी सकाळी सातला कपडे धुतले. बोरोस शहरातल्या कापडगिरणीत तिचं आयुष्य गेलं. गिरणी बंद पडली, नवरा गेला, गुरुवार राहिला. इमारतीच्या तळघरातल्या सामाईक धुणंघरात पाळ्यांच्या फळीवर त्या वेळेखाली तिचं छोटं कुलूप लटकायचं. ते दिसलं की ती पाळी तिची.

ड्रायरमधली, कपड्यांचे तंतू अडकणारी जाळी साफ केली नाही म्हणून इथे शेजारी वर्षानुवर्षं अबोला धरतात. बिनसहीच्या चिठ्ठ्या चिकटवतात. म्हातारे विसरतात, अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा गुन्वरने तक्ता टांगला. आडव्या ओळी दोन: पासष्टच्या वरचे, आतले. उभे रकाने दोन: जाळी साफ, जाळी घाण. पुढच्याने जाळी बघून आधीच्याची रेघ ओढायची.

ऑक्टोबरअखेर दोनशे पाळ्या झाल्या. इमारतीच्या सभेत अध्यक्ष टॉर्केल वेन्नरलुंडने तोच तक्ता पडद्यावर लावला. टॉर्केल अठ्ठेचाळीसचा. तो कंपन्यांना कार्यक्षमता शिकवतो. म्हणजे काय, ते बायकोलाही सांगता येत नाही. त्याचं घरचं धुण्याचं मशीन नुकतंच बिघडलं होतं.

"म्हाताऱ्यांच्या पाळ्या दीडशे," तो म्हणाला. "घाण जाळ्या तीस. म्हणजे पाळी म्हाताऱ्याची किंवा जाळी घाण, अशा एकशेऐंशी. नव्वद टक्के! ज्येष्ठांनी सकाळ सोडावी, मंगळवारी दुपारी यावं."

वेलदोड्याचे बन चावत लोकांनी माना डोलावल्या.

"टॉर्केल, तिसातल्या अठरा जाळ्या म्हाताऱ्यांच्याच," गुन्वर म्हणाली. "त्या तू दीडशेत मोजल्यास, परत तिसातही. खरे एकशेबासष्ट."

"बरं, एक्याऐंशी टक्के. असा काय फरक पडला?"

"त्यातल्या एकशेबत्तीस वेळा म्हाताऱ्यांनी जाळी साफ केलीय. गुन्हा काय त्यांचा? वय?"

"गुन्वर, भावनेवर जाऊ नकोस."

"भावना कसली! म्हातारा आणि घाण जाळी, दोन्ही एकदम, दोनशेत अठरा. शंभरात नऊ. आता नुसती आमची ओळ बघ. दीडशेत अठरा, शंभरात बारा. तुमची पन्नासात बारा, शंभरात चोवीस. दुप्पट! मंगळवारी कुणी यायचं?"

टॉर्केलने पडद्यावर एकशेबासष्ट लिहिलं, इतिवृत्तात गुन्वरचे आभार मानले आणि ठराव मतदानाला टाकला. तरुणांच्या घरांत स्वतःची मशीनं. तळघरात त्यांच्यातलं फारसं कुणी येत नाही. मत मात्र दर घराला एक. चौदाविरुद्ध नऊ. मंजूर. आकडा दुरुस्त केला, एवढ्यावर चौदाही जण सज्जन झाले.

पुढच्या गुरुवारी गुन्वर सवयीने चादरी घेऊन खाली गेली. तिच्या जागी टॉर्केलचं कुलूप. ती पायरीवर बसून राहिली. नऊला तो टोपली घेऊन बाहेर आला.

"अगं, तुझा मंगळवार ना?"

"हो. जाळी बघायला थांबलेय."

तिने जाळी ओढली. जाड, राखाडी थर.

"घाई होती गं."

"घाईचा रकाना नाहीये," ती म्हणाली. तिने पासष्टच्या आतल्यांच्या ओळीत, घाण जाळीच्या चौकटीत तेरावी रेघ ओढली. तो बघत होता. मग लिफ्टचं बटण दाबायला गेला.

गुन्वरने जाळी साफ केली. चादरी तशाच उचलून वर नेल्या.