होणाऱ्या व्याह्यांना जिंकवताना

सोयऱ्यापुढं हरावं कसं, हे मला चांगलं जमतं असा माझा समज होता.

मुलीचा बाप झालं की काही गोष्टी न शिकवता येतात. पाहुण्यांच्या गावचा ऊस आपल्यापेक्षा उंच म्हणायचा, त्यांच्या गाडीला आपल्या गाडीआधी सावली द्यायची, आणि ते पत्ते खेळायला बसले तर हातातले हुकूम हातातच ठेवून उठायचं. आमचे वडील सांगायचे, सोयऱ्याशी कुस्ती लागली तर पाठ आधीच मातीला लावून यावं. मी हा उपदेश मनावर घेतलेला माणूस. आमच्या गावात, निमोण्यात, माझ्याइतकं मानपान पाळणारं दुसरं कुणी नाही. (हे मी स्वतः सांगतोय, कारण दुसरं कुणी सांगत नाही.)

आमची ऋतुजा एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याच कंपनीतला निखिल, भांडगावचा. दोघांचं आधीच ठरलेलं होतं आणि आम्हाला ते पोह्यांच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच भेटत असल्यासारखं करावं लागलं. मुलाची आई राजी, आमची ही राजी, मीही राजी. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी, म्हणजे आप्पांपाशी. आप्पा तरुणपणी पैलवान. मान अजून तशीच, बोलणं मात्र मोजकं. त्यांनी मध्यस्थाला सांगितलं होतं, "बैठकीत समदीच गोड बोलत्यात. माणूस खेळताना कळतो. पाव्हण्यांना मला एकदा खेळताना बघू द्या, मग सुपारी फोडू."

आता माझ्या वयाच्या माणसानं खेळायचं तरी काय? तेव्हा निखिलनं तोड काढली. मांडवगणच्या बाजूला एक वनउद्यान आहे. तिथं कंपनीतल्या पोरांनी परवानगी काढून डिस्क गोल्फ नावाचा खेळ बसवलाय. रविवारी सकाळी दोन्ही घरची माणसं तिथं जमायची, आप्पांनी आणि मी खेळायचं, आणि आप्पांचं मन भरलं तर तिथंच वडाखाली सुपारी फोडायची. हिनं सुपारी आणि पेढे पिशवीत घातले. गाडीत बसताना मी तिला म्हणालो, "मी हरणार हाय आज. बघच तू."

"त्यात काय बघायचं?" ही म्हणाली.

हा खेळ काय असतो ते सांगतो, म्हणजे माझी अक्कल तुम्हाला नीट मोजता येईल. दाट झाडी. मधूनमधून एकेक लोखंडी खांब, खांबाला वर साखळ्या लोंबत्या आणि खाली जाळीची टोपली. दुरून प्लॅस्टिकची थाळी फेकायची. जिथं पडली तिथून पुन्हा फेकायची, टोपलीत जाईपर्यंत. अशा नऊ टोपल्या. जितक्यांदा फेकाल तितका आकडा तुमच्या नावावर. आणि ज्याचा आकडा कमी, तो जिंकला.

हे शेवटचं वाक्य निखिल सांगत होता तेव्हा मी विहीणबाईंसाठी सतरंजी झटकत होतो. तिच्यावर मुंगळे चढले होते, आणि ही मला एकेक मुंगळा दाखवत होती. कबड्डी घ्या, क्रिकेट घ्या, सोसायटीची निवडणूक घ्या, मला माहीत असलेल्या प्रत्येक खेळात ज्याचे जास्त तो जिंकतो. त्यामुळं माझा हिशेब सोपा होता. आपण पटकन थाळी टोपलीत घालायची, आकडा छोटा ठेवायचा, आणि आप्पांना निवांत फेकत राहू द्यायचं. आकडे मोबाईलवर टिपायचं काम ऋतुजाकडं होतं.

पहिल्या टोपलीलाच मानपान निघाला.

"आप्पा, आधी तुम्ही टाका."

"तुम्ही टाका, पाव्हणं."

"न्हाई न्हाई, मान तुमचा हाय."

"मान घरी. हितं खेळ हाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी थाळी सोडली. ती झाडांमधून वाट विचारल्यासारखी सरळ गेली आणि टोपलीच्या अलीकडं अलगद पडली. पैलवानाचं मनगट! मी मनात म्हटलं, अरेरे, बिचाऱ्यांना आकडाच मिळणार नाही.

मग मी फेकली. माझी थाळी आधी बाभळीला लागली, तिथून करंजाला लागली आणि माझ्याच पायाशी परत आली. नंतर ती ओढ्याच्या बाजूला चरणाऱ्या शेळ्यांत गेली. एका शेळीनं ती हुंगली आणि खाण्यालायक नाही असं ठरवून सोडून दिली. मी घामाघूम होऊन कसाबसा टोपलीपाशी पोचलो.

"आप्पा तीन, पप्पा आठ," ऋतुजानं सांगितलं.

आठ! मुलीच्या बापाचे मुलाच्या बापापेक्षा पाच जास्त, आणि तेही पहिल्याच फटक्यात. मी लगबगीनं आप्पांजवळ गेलो. "आप्पा, चुकून झालं बरं का. मनावर घिऊ नका."

"मी कशाला मनावर घिऊ?" आप्पांनी भुवया वर केल्या.

"हा तुमचा मोठेपणा झाला," मी म्हणालो. आप्पांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मला वाटलं, लागलंय माणसाला, पण दाखवत नाही.

दुसऱ्या टोपलीला मी जीव तोडून कमी फेकायला गेलो आणि आकडा अकरावर पोचला. आता गप्प राहून चालणार नव्हतं. मी ऋतुजाला एका कडुनिंबामागं घेतलं.

"माझे चारच लिही."

"पण अकरा झालेत, पप्पा."

"म्हणूनच म्हणतोय. आन् आप्पांचे वाढव की दोन-चार. कोण बघतंय?"

ऋतुजाचा चेहरा पडला. "पप्पा, काय बोलताय तुम्ही?"

"अगं, तुझ्या लग्नासाठीच बोलतोय."

तेवढ्यात कडुनिंबाच्या पलीकडून कुणीतरी खाकरलं. आप्पा तिथं दगडावर बसून चपलेतला काटा काढत होते. काटा निघाला होता, तरी ते बसूनच होते. मी त्यांच्याकडं बघून नम्रपणे हसलो. म्हटलं, ऐकलं असेल तर बरंच आहे, पाहुण्याला कळू दे आपण त्यांच्यासाठी किती झटतोय.

पुढच्या टोपल्यांना मी पायाचा आधार घेतला. थाळी वाळल्या पाल्यात पडली की इकडंतिकडं बघायचं आणि हळूच टोपलीच्या दिशेनं सारायची. तेवढाच एक आकडा वाचतो. विहीणबाईंनी हे एकदा पाहिलं आणि त्या झाडावरची पाखरं मोजू लागल्या. दुसऱ्यांदा हिनं पाहिलं.

"अहो, हरायचं ठरलं हुतं ना?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"हरतोच तर हाय!"

"मग पायानं काय ढकलताय?"

"पटकन हरावं म्हणून."

हिनं कपाळाला हात लावला. लग्नाला तीसेक वर्षं झाली की बायको प्रश्न विचारणं सोडून देते, तशी ती पुढं निघून गेली. एव्हाना माझा आकडा आप्पांच्या दुपटीच्या वर होता. निखिल मला "काका, जाऊ द्या, होतं असं," म्हणून धीर देत होता. होणारा जावई इतका समजूतदार आहे, बाप हरतोय तरी चेहरा पडू देत नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

शेवटच्या टोपलीला आप्पांनी कमाल केली. त्यांची पहिलीच थाळी वळण घेऊन टोपलीपासून हातभर अंतरावर पडली. मी माझी थाळी शोधत पुढंच आलो होतो. मागं वळून पाहिलं तर कुणी दिसेना. सगळे झाडीतून येत होते. माझ्यासमोर आप्पांची थाळी पडलेली. मला भडभडून आलं. आता हा माणूस येणार, एकदा फेकणार, आणि दोनावर आटोपणार. आणि मी सोयरा म्हणून बघत उभा राहणार?

मी थाळी उचलली. मोठ्या मनानं उचलली. करंजांच्या जाळीत पार आत नेली, एका बाभळीच्या बुडाशी ठेवली, वर थोडा पालाही टाकला. इथून सात-आठ तरी सहज होतील म्हटलं. हात झटकून वळलो, तर पायवाटेवर आप्पा, निखिल, विहीणबाई, आमची ही आणि ऋतुजा असे सगळे ओळीनं उभे होते.

"पाव्हणं," आप्पा शांतपणे म्हणाले, "माझी थाळी कुठं निघाली?"

"तुमच्यासाठीच नेली, आप्पा."

"माझ्यासाठी? बाभळीत?"

"म्हंजी तुम्हाला आणखी फेकायला मिळंल."

ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. काय चुकलं ते कळेना, पण सोयरीक हातातून चालली एवढं कळलं. मग मी सगळंच बोलून टाकलं.

"आप्पा, मला एवढे आकडे नको हुते. तुम्ही जिंकावं म्हणून सकाळपासून मर मर मरतोय. पोरीला कमी लिहायला सांगितलं, पायानं ढकलून पाहिलं, तरी ही थाळी माझे आकडे वाढवतीच हाय. मुलीच्या बापानं पाव्हण्याच्या वर जाऊ न्हाई, येवढं कळतंय मला. पण जमलं न्हाई. माझ्या जिंकण्याची शिक्षा पोरीला दिऊ नका."

निखिल पुढं झाला. "काका, ह्यात ज्याचे कमी तो जिंकतो."

"कमी?"

"व्हय. तुम्ही पहिल्या टोपलीपासून हरताय."

मी तिथंच उभ्या उभ्या सगळं उलटं करून पाहिलं. चार लिही म्हणालो, ते. पाय लावला, तो. पाला टाकला, तो. ही शेजारच्या वडाच्या मुळावर जाऊन बसली होती, तोंडाला पदर लावून, खांदे हलत होते. रडतेय वाटलं. रडत नव्हती.

आप्पा जाळीत शिरले. थाळी काढली, तिच्यावरचा पाला फुंकला आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"म्हंजी हरायसाठी तुम्ही लबाडी केली."

"व्हय, आप्पा."

"ती लबाडी जिंकायची निघाली."

"व्हय."

"आन् येवढी लबाडी करूनबी तुम्ही हरला."

याला "व्हय" म्हणताना जीभ जरा अडखळली, पण म्हणालो.

आप्पांनी थाळी निखिलच्या हातात दिली. मग विहीणबाईंकडं वळून म्हणाले, "सुपारी काढा. असल्या माणसाला सोयरा करायला भ्या न्हाई. हा फसवायला निघाला तरी फायदा आपलाच हुतोय."

विहीणबाई हसून हिच्या पिशवीकडं वळल्या. ऋतुजा रडत होती ती हसायला लागली, आणि मलाही इतकं हलकं वाटलं की पेढा आधी कुणाला द्यायचा याचा मान मी साफ विसरलो. पहिला स्वतःच खाल्ला.

लग्न थाटात झालं. मांडवात आप्पा आपल्या पाहुण्यांना माझी ओळख करून देत होते. प्रत्येकासमोर माझ्या पाठीवर तो पैलवानी हात ठेवायचे आणि म्हणायचे, "हे आमचे व्याही. लय सरळ माणूस." मग थोडं थांबून, "म्हंजी लबाडी करत्यात, पण येत न्हाई."

मी हात जोडून हसत होतो. मुलीच्या बापानं भर मांडवात वाद घालू नये असा रिवाज आहे. आणि घालायचाच म्हटलं असतं, तर मुद्दा कुठं होता माझ्याकडं?