मेहुण्याची वकिली

रेल्वेच्या विजेच्या तारा सांभाळणाऱ्या टोळीची सभा होती. कामगारांचा प्रतिनिधी कोण होणार, असं विचारलं तेव्हा टोळीतले एक जण पाणी प्यायला उठले होते. एकटेच उभे दिसले, टाळ्या झाल्या, आणि तेव्हापासून ते ‘नेते’.

नेत्यांना भाषण येत नसे. पण कुणाचे हातमोजे फाटले, कुणाचं औषधाचं बिल अडकलं, की साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभे राहत. बसा म्हटलं तरी बसत नसत. शेवटी साहेब कंटाळून सही करत.

त्यांच्या बायकोचा भाऊ त्याच डेपोत होता. कुठल्याही कामात हा मेहुणा आधी दुसऱ्याची चूक दाखवायचा, मग हात लावायचा. तोही एकच.

तारेवर चढण्याआधी वीज बंद करून स्विचला प्रत्येकाने आपलं कुलूप घालायचं, आणि ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, असा नियम. एके दिवशी तार तुटली, पाळी संपवून घरी निघालेल्या मेहुण्यालाही परत बोलावलं. दुपारी काम संपलं, सगळ्यांनी कुलपं काढली. मेहुणा मात्र आपलं कुलूप तसंच ठेवून, किल्ली खिशात घालून घरी गेला आणि झोपला. गाड्या जागच्या जागी थांबल्या. दार ठोकून ठोकून माणसं दमली. सगळे शेजारी जागे झाले, मेहुणा सोडून.

त्याला चार्जशीट मिळाली. नोकरी जाणार, असं सगळेच म्हणू लागले.

“जाऊ दे गेली तर,” नेते घरी म्हणाले. “अक्कल तरी येईल.”

“नोकरीबरोबर क्वार्टरही जाईल,” बायको म्हणाली.

“मग?”

“अहो, मग काय? भाऊ कुठे जाणार माझा? बहिणीकडेच ना?”

नेत्यांनी आपल्या दोन खोल्यांवर नजर फिरवली. एकीत पोरं, दुसरीत ते दोघं आणि शिवणयंत्र. मेहुण्याची खाट कुठे बसेल ते त्यांना स्पष्ट दिसलं. पंख्याखाली.

चौकशीच्या दिवशी दारातच मेहुणा म्हणाला, “दाजी, तुम्ही गप्प बसा. मी बोलतो. चूक स्विचची आहे.”

“तोंड उघडलंस तर खांबाला बांधीन.”

आत गेल्यावर नेत्यांच्या अंगात आलं. “साहेब, याची पाळी संपली होती. करारात विश्रांतीचा हक्क दिलाय. तुम्ही याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलंत. हा आला. भर उन्हात तार ओढली. दमलेल्या माणसाच्या खिशात किल्ली राहते, साहेब. तुमच्या खिशात आमचे पेन राहतात, ते तर न दमता.”

खिडकीबाहेर टोळी कान देऊन उभी होती. “मेहुण्यावर केवढा जीव!” कुणीतरी म्हणालं.

साहेबांनी खिसा चाचपला. “आणि पुन्हा असं झालं तर?”

“होणार नाही! मी जबाबदारी घेतो!”

“घेता ना? छान. नोकरी राहील. आजपासून हा तुमच्या जोडीला. तुम्ही वर, हा शिडी धरून खाली. वर्षभर.”

बाहेर येताना मेहुण्याचे डोळे भरले. “दाजी, तुमचा माझ्यावर इतका जीव आहे, माहीत नव्हतं.”

नेत्यांचेही डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लागली. “दाजी, डावा पाय आधी टाकायला हवा होता. दाजी, पक्कड उलटी धरलीत. दाजी, मी असतो तर...”

जेवणाची सुट्टी झाली. हक्काची सुट्टी, नेत्यांनीच भांडून मिळवलेली.

“उतरा, दाजी! बोलत बोलत जेवू!”

“तू घे जेवून,” वरून आवाज आला. “माझं अजून बरंच काम आहे.”