खोकला लपवणारी गल्ली

जळोचीच्या त्या गल्लीत पावसाळाभर कुणी खोकललंच नाही, असं शबीनाच्या मोबाइलमधली माहिती सांगत होती. तिचे कान मात्र सांगत होते की अख्खी गल्ली खोकते आहे. कोपऱ्यावर स्कूटी लावताना घराघरांतून ढास ऐकू यायची आणि तिनं हाक मारली की तिसऱ्या घंटेनंतर नाट्यगृह चिडीचूप व्हावं, तसं सगळं शांत व्हायचं.

काम साधं होतं; निदान लशीच्या अभ्यासाच्या बारामतीच्या कार्यालयात समजावून घेताना तसं वाटलं होतं. गल्लीतल्या काहींनी फ्लूची लस घेतली होती, काहींनी नाही. दर आठवड्याला घरोघर जाऊन ताप-खोकला विचारायचा आणि कुणी आजारी असेल तर त्या घरातल्या सगळ्यांच्या नाकात काडी फिरवून नमुना घ्यायचा. लस घेतलेला माणूस आजारी पडलाच, तर घरच्यांना आणि शेजाऱ्यांना तो आजार कमी देतो का, हे त्यावरून कळणार होतं. त्यासाठी आधी कुणीतरी आजारी असल्याचं कबूल करायला हवं होतं.

त्या दिवशी सकाळीच तिचे वरिष्ठ, मुजम्मिलसर, फोनवर म्हणाले होते की तुझ्या गल्लीची माहिती खरी वाटत नाही. पुढच्या आठवड्यातही हेच आलं तर ती घरं अभ्यासातून वगळावी लागतील. म्हणजे पावसाळाभर चिखल तुडवला तो फुकट.

ती तणतणत फुलाबाईंच्या दारात आली. गल्लीत शब्द चालायचा तो फुलाबाईंचा. लशीसाठी पहिला दंड त्यांनी पुढे केला, म्हणून तर मागून बाकीचे आले. घरात समदी ठणठणीत असल्याचं त्या सांगत होत्या, तेवढ्यात मागच्या कांदाचाळीत त्यांच्या लेकाला, सोपानला, अशी उबळ आली की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या.

"आजी, तितं काय कांदं खोकत्यात का?"

फुलाबाई जराही ओशाळल्या नाहीत. तिला बसवून, चहा पुढे करून त्यांनी उलट तिलाच समजावलं. लस घ्यायला आम्हाला तू लावलंस. आता खोकला झाला म्हटलं तर साहेब तुलाच बोलणार. म्हणून ज्याला उबळ येईल त्यानं मागच्या दारानं निघून जायचं, असं गल्लीनं ठरवलंय.

शबीनाला हसावं की भिंतीवर डोकं आपटावं, कळेना. लशीची परीक्षा चाललीय आणि तुम्ही सगळे मिळून तिला कॉपी पुरवताय, ती वैतागून म्हणाली.

"पास झाली तर बिघडलं कुठं?"

"अंथुर्ण्याला तुमची लेक हाय. उद्या तिला कुणी सांगंल, घरात समद्यांनी लस घेतलीय, आता खोकणारी पोरं दमेकरी सासूपाशी झोपली तरी चालंल. आन् ते खरं नसलं तर? मला खोकला पायजे, आजी. लपवू नका."

फुलाबाईंनी रिकामी कपबशी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "बरं. आता कुनी लपवनार न्हाय."

पुढच्या आठवड्यात शबीना आली तर गल्ली दुमदुमत होती. कधीच बरा झालेला सोपान छातीला हात लावून खोकत होता. त्याची बायको अनिता भाजीच्या पाट्या उतरवता उतरवता खोकत होती. शेजारचे फारुकचाचा तर डोळे मिटून खोकता खोकता मधेच एक डोळा उघडून, शबीना बघतेय ना, याची खात्री करून घेत होते. एवढ्या मन लावून केलेल्या तालमीला दाद द्यावी असं एखाद्याला वाटलं असतं. शबीनाला रडू येत होतं. खरा कोण आणि खोटा कोण, हे आता कसं निवडायचं?

ओसरीवरच्या बाजेवर फुलाबाई तेवढ्या शांत बसल्या होत्या. त्या खोकत नव्हत्या. चहाचा कप परत देताना शबीनाची बोटं त्यांच्या हाताला लागली आणि ती दचकली. हात तव्यासारखा तापला होता.

"लपवणार न्हाय म्हणालात ना, आजी?"

"समद्यांच्या आदी लस म्या घेतली," त्या पुटपुटल्या. "माज्यामुळं तुजी लस नापास व्हाया नगं."

शबीनाला भयंकर राग आला. तिनं सोपानला खोकणं थांबवून दवाखान्यासाठी रिक्षा आणायला पिटाळलं. मग फुलाबाईंची हनुवटी वर धरून नमुना घेतला आणि नळी बर्फाच्या डब्यात ठेवली.

रिक्षा येईपर्यंत फुलाबाईंनी तोंडाला पदर लावला आणि पदराआडूनच विचारलं, "पर पोरी, बाकीच्यांचं खोकनं झ्याक वठलं न्हवं?"